विजेच्या बटणाने लागणारी चार चाकांची ओढ : ती न लागल्यास दोष कसा शोधावा

मृगाचा पाऊस लागला कीं काळ्या जमिनींतील पाणंद गाडीला किती जड जाते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अशा वेळीं उपयोगी पडावी म्हणून ज्यांनीं फोर-व्हील ड्राइव्हची पिकअप किंवा जीप घेतली, त्यांपैकीं पुष्कळांच्या गाडींत आतां दांड्याऐवजीं एक फिरतें बटण असतें. दुसऱ्या महायुद्धांतील विलिस जीपला या कामीं दोन स्वतंत्र दांडे असत. गिअर लागला कीं नाहीं हें हातालाच कळे. बटणाचें तसें नाहीं. दिवा नुसता लुकलुकतो, मागलीं चाकें चिखलांत फिरत राहतात, आणि मालक गॅरेजांत गेला म्हणजे सबंध ट्रान्सफर गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला त्याच्या पदरीं पडतो. हा खर्च लहान शेतकऱ्याचा हंगाम बुडविणारा असतो, आणि दोष पुष्कळदा एका गंजलेल्या जोडांत निघतो. सबब दोष शोधण्याची रीत येथें देत आहों.

आधीं रचना पाहूं. ट्रान्सफर गिअरबॉक्सपासून एक शाफ्ट मागें व दुसरा पुढें जातो. एरवीं पुढच्या शाफ्टाला इंजिनाची ओढ मिळत नाहीं. बटण फिरविलें कीं नियंत्रक पेटीस निरोप जातो. पेटी ट्रान्सफर गिअरबॉक्सवर बसविलेल्या लहान मोटरीस वीज देते. मोटर आंतील फोर्क सरकविते. आणि मोटरीजवळचा सेन्सर काम झाल्याचा उलट निरोप पेटीस धाडतो. तो न पोंचल्यास दिवा लुकलुकत राहतो. याखेरीज अनेक गाड्यांच्या पुढच्या आसांत एक निराळा जोड असतो. तो कांहींत विजेनें, तर कांहींत व्हॅक्यूमनें चालतो.

पुष्कळ तक्रारी मुळीं दोषाच्या नसतातच. ‘फोर लो’ हा जड गिअर बहुधा गाडी पूर्ण उभी करून, न्यूट्रलमध्यें ठेवून व क्लच दाबूनच लागतो. अट पुरी झाल्याखेरीज पेटी मोटरीस वीज देत नाहीं. क्लचच्या पेडलापाशीं असलेला लहान स्विच बिघडला तरी परिणाम तोच. दात समोरासमोर न आल्यासहि गिअर अडतो. तेव्हां गाडी चार-सहा फूट पुढें-मागें हलवून पाहावी. चाकें घसरत असतां बटण फिरवूं नये. चिखलांत शिरण्यापूर्वींच तें फिरवावें.

आतां वीज. इंजिन बंद असतां पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असतो व इंजिन चालू असतां तो बहुधा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान राहतो. बंद स्थितींत १२.२ च्या खालीं गेलेल्या बॅटरीवर मोटरीची परीक्षा करणें व्यर्थ होय. नंतर गाडीच्या पुस्तिकेंत दाखविलेला फ्यूज पाहावा आणि जळाला असल्यास तितक्याच अँपिअरचा घालावा. फ्यूजाच्या जागीं तांब्याची तार घालणारे मिस्त्री आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या हातीं गाडी देण्यापेक्षां ती पाणंदींत रुतलेली बरी. मग अर्थची वायर सोडून तिचें टोंक व चेसिसवरील जागा घासून स्वच्छ करावी. मोटरीचा प्लग सोडून आंत पाणी किंवा हिरवा गंज आहे काय तें पाहावें. कडब्याच्या गंजीशेजारीं उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, हेंहि ध्यानांत असावें.

यापुढें गाडीखालीं जावें लागतें. ट्रान्सफर गिअरबॉक्स न्यूट्रलमध्यें सरकला तर गिअरांत ठेवलेली गाडीहि उतारावर घरंगळते. यास्तव जागा सपाट असावी, हातब्रेक ओढावा व चाकांस पुढून-मागून दगड लावल्यावांचून कोणीं खालीं शिरूं नये. इंजिन बंद, किल्ली चालू ठेवून एकानें बटण फिरवावें व दुसऱ्यानें कान द्यावा. रिलेचा ‘टक्’ असा आवाज येऊन मोटर मुकी राहिली, तर प्लगमध्यें मोटरीच्या दोन जाड वायरींस १२ व्होल्टचा दिवा लावून पुन्हां बटण फिरवावें. दिवा क्षणभर लागला तर वीज पोंचते आहे व दोष मोटरींत आहे. न लागल्यास दोष त्याच्या अलीकडे आहे. वर्षानुवर्षें न वापरलेली मोटर आंतून जाम होते. ती काढावयाची झाल्यास बसण्याची खूण आधीं करून ठेवावी. मोटर काढल्यावर उघडा पडणारा दांडा पान्यानें बेतानें फिरत असेल, तर गिअरबॉक्सचा आंतला भाग बहुधा शाबूत आहे असें समजावें, आणि तो बदलण्याचा सल्ला देणाऱ्यास तें दाखवावें.

मोटर फिरते, तरी पुढचीं चाकें ओढत नाहींत, अशी तक्रार असेल तर बटण चार चाकांवर ठेवून गाडी थोडी हलवावी, मग इंजिन बंद करून दगड लावावे आणि पुढचा शाफ्ट हातानें फिरवून पाहावा. किंचित् खेळ असावयाचाच. पण तो मोकळा फिरल्यास ट्रान्सफर गिअरबॉक्समधील जोड लागलेला नाहीं. तो अडला असतां पुढचें एक चाक जॅकनें उचलून खालीं भक्कम टेकण द्यावें. तें चाक मोकळें फिरलें तर दोष पुढच्या आसांतील जोडांत आहे. व्हॅक्यूमच्या गाडींत तेथें जाणाऱ्या रबरी नळ्या उन्हानें तडकतात. नळी बदलण्यास फार पैसे लागत नाहींत.

एवढ्यानेंहि उलगडा न झाल्यास नियंत्रक पेटींतील दोषसंकेत यंत्रानें वाचून घ्यावे. वेग मोजणारा सेन्सर बिघडून उभी गाडी धांवते आहे असा पेटीचा समज झाला, तरीहि ‘फोर लो’ लागत नाहीं, व हें नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं.

मोठ्या ट्रॅक्टरांविषयीं एक गोष्ट वेगळी आहे. त्यांपैकीं कांहींत पुढची ओढ स्प्रिंगनें लागते व तेलाच्या दाबानें सुटते. म्हणून वीज तुटली तर ती लागलेलीच राहते. अशा ट्रॅक्टराची ओढ लागत नसेल तर फ्यूजामागें न लागतां, तेल सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह अडकला आहे काय आणि क्लचच्या चकत्या झिजल्या आहेत काय, हें प्रथम पाहावें.