चित्रकथेचे माहेर : जिनीव्हा



वहीच्या समासात मास्तरांचे चित्र काढणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात एखादा तरी असतोच. चित्र सापडले म्हणजे शाळेत त्याला शासन होते, आणि ‘चित्रे काढून का कोठे विद्या येते?’ हा प्रश्न घरीही ऐकावा लागतो. परंतु चौकटीमागून चौकट मांडून, खाली चार शब्द लिहून, हसत खेळत गोष्ट सांगण्याची जी कला आज जगभर पसरली आहे, तिला युरोपात नावारूपास आणणारे गृहस्थ स्वतः एक शाळामास्तर होते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. त्यांचा व त्यांच्या प्रांताचा वृत्तांत येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

स्वित्झर्लंडच्या पश्चिम भागात फ्रेंच भाषा चालते. त्या भागातील सरोवराच्या काठी वसलेल्या जिनीव्हा नगरीत १७९९ साली रोडोल्फ टॉप्फर यांचा जन्म झाला. वडील नामांकित चित्रकार असून विनोदी चित्रेही काढीत. मुलानेही चित्रकारच व्हावयाचे, असा बेत होता. परंतु ऐन तारुण्यात नेत्रविकाराने टॉप्फर यांना गाठले. रंगकाम आणि बारीक कलाकुसर डोळ्यांस सोसेना, तेव्हा त्यांनी निरुपायाने अध्यापनाचा मार्ग पत्करला व १८२४ च्या सुमारास मुलांसाठी एक वसतिगृहयुक्त शाळा काढली. पुढे १८३२ साली ते तेथील विद्यापीठात अलंकारशास्त्राचे प्राध्यापक झाले. सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन ते आल्प्स पर्वतातून पायी प्रवास करीत. त्या सहलींची त्यांनी लिहिलेली सचित्र वर्णने पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

मोठी चित्रे काढता येत नाहीत, पण हात तर स्वस्थ बसत नाही, अशा स्थितीत टॉप्फर यांनी लेखणीच्या चार फटकाऱ्यांत चित्रे काढण्यास आरंभ केला. १८२७ साली त्यांनी एक संपूर्ण गोष्ट चित्रांत सांगितली. तिचा नायक म्हातारा व्ह्यू ब्वा. या वह्या प्रथम केवळ विद्यार्थी व स्नेही यांच्या करमणुकीसाठी होत्या. एका स्नेह्याच्या द्वारे त्यांपैकी काही १८३० च्या अखेरीस जर्मन महाकवी गटे यांच्या हाती पडल्या. ऐंशी वर्षे उलटलेल्या त्या कविवर्यांना त्या इतक्या आवडल्या की, कल्पनांचे अजीर्ण होऊ नये म्हणून ते एका बैठकीत थोडीच पाने पाहत व मग विसावा घेत!

तथापि त्या छापण्यास टॉप्फर कचरत होते. प्राध्यापकाने असली चित्रे छापावी, हे लोकांस रुचेल काय, ही शंका त्यांच्या मनात होती. ‘मस्यू झाबो’ हे पुस्तक त्यांनी १८३३ साली छापून घेतले खरे, पण १८३५ पर्यंत ते लोकांपुढे आणले नाही. हा झाबो म्हणजे थोरामोठ्यांच्या मेजवानीत शिरून त्यांची नक्कल करणारा एक तोतया शिष्ट. काहीतरी फजिती होते, आणि पुन्हा हे महाशय जणू काही घडलेच नाही अशा ऐटीत उभे राहतात! तेच चित्र वारंवार आले म्हणजे वाचकाला हसू आवरत नाही. १८३७ साली निघालेल्या ‘मस्यू क्रेपँ’ या पुस्तकात अकरा मुलांचा बाप एकामागून एक शिक्षक नेमतो, आणि प्रत्येक शिक्षक आपलीच पद्धत खरी म्हणून मुलांवर प्रयोग चालवितो. शिक्षकाने शिक्षणपद्धतीचीच केलेली ही थट्टा पालकांनीही पाहण्याजोगी आहे.

आता या कलेतील नवेपणा कोणता, ते पाहू. चित्रांची मालिका काढणारे कलावंत पूर्वीही होऊन गेले होते. इंग्लंडातील होगार्थ हा त्यांपैकीच एक असून टॉप्फर यांना त्याजविषयी मोठा आदर होता. परंतु होगार्थचे प्रत्येक चित्र आपापल्या जागी पूर्ण असे. टॉप्फर यांच्या पुस्तकात शब्द काढून घेतले तर चित्रांचा अर्थ अंधुक होतो, आणि चित्रे काढून घेतली तर शब्द निरर्थक ठरतात. गाडीच्या दोन चाकांप्रमाणे दोघांनी मिळून गोष्ट पुढे न्यावयाची, हे या कलेचे मर्म होय.

ह्याला छपाईच्या एका युक्तीचेही साहाय्य झाले. शिळाछापात दगडावर थेट लिहावयाचे तर अक्षरे आरशातल्यासारखी उलटी काढावी लागतात. टॉप्फर हे खास तयार केलेल्या कागदावर तेलकट शाईने सरळ लिहीत. तो कागद दगडावर दाबला म्हणजे मजकूर दगडावर उलटा उमटे आणि छापताना पुन्हा सुलटा होई. त्यामुळे चित्र व अक्षर दोन्ही एकाच हाताची व एकाच लेखणीची राहिली. शिळाछाप आपणांसही परका नाही. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापिले ते शिळेवरच.

टॉप्फर यांची कीर्ती लवकरच देशाबाहेर गेली. १८३९ साली पॅरिसमधील एका प्रकाशकाने परवानगीवाचून त्यांच्या पुस्तकांच्या नकला काढिल्या. १८४२ साली व्ह्यू ब्वाची गोष्ट इंग्रजी वेष घेऊन न्यूयॉर्कला पोहोचली. १८४५ साली त्यांनी या कलेची मीमांसा करणारा निबंधही प्रसिद्ध केला. मुखवटा कितीही ओबडधोबड काढला तरी त्याला काही ना काही भाव असतोच, असे त्यांनी त्यात दाखविले. याचा पडताळा कोणासही घेता येईल. एक वर्तुळ काढून त्यात डोळे, नाक व तोंड मांडा, आणि मग केवळ भुवई वर किंवा खाली करून पाहा; तोच चेहरा कधी चकित दिसेल, कधी रागावलेला. पुढच्याच वर्षी, १८४६ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी टॉप्फर निवर्तले.

त्यांनी लाविलेले रोप त्या प्रांतात वाळून गेले नाही. १९६९ साली देरिब या चित्रकाराने व झोब या लेखकाने ‘याकारी’ नावाच्या अमेरिकन आदिवासी बालकाच्या चित्रकथा सुरू केल्या. जिनीव्हाजवळ जन्मलेल्या झेप यांचा ‘तितफ’ हा खोडकर शाळकरी मुलगा १९९० नंतरच्या दशकात घरोघरी पोहोचला. जिनीव्हा नगरीने तर १९९७ पासून टॉप्फर यांच्या नावे चित्रकथांसाठी पारितोषिक ठेविले आहे.

परंतु हसविणाऱ्याची वाट नेहमीच फुलांची नसते. जिनीव्हातील शापात हे व्यंगचित्रकार न्यूयॉर्क टाइम्सच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीसाठी चित्रे काढीत. दुसऱ्याच एका चित्रकाराच्या चित्रावरून वादळ उठले, तेव्हा २०१९ साली त्या पत्राने राजकीय व्यंगचित्रे देणेच बंद केले, आणि शापात यांचेही चित्र थांबले. एकाच्या चुकीसाठी सर्वांची लेखणी काढून घ्यावी काय, हा प्रश्न विचारी वाचकांनी स्वतःशी करून पाहावा.

या वृत्तांतापासून घेण्यासारखे दोन बोध आहेत. नेत्र अधू झाले म्हणून टॉप्फर यांनी कला सोडिली नाही. अधू नेत्रांना झेपेल अशी नवी कला त्यांनी निर्माण केली. दुसरे असे की, झाबोला पाहून आपण हसतो ते त्याच्या रूपाला नव्हे, त्याच्या ढोंगाला. लंगड्याचे लंगडणे चित्रात काढणे सोपे आहे, पण तो विनोद नव्हे. दांभिकाचा डौल चिमटीत पकडणे कठीण आहे, आणि तोच खरा विनोद. तेव्हा बालचित्रकारांनो, समासात चित्र काढण्यापूर्वी एवढा विवेक अवश्य करा. आणि पालकहो, मुलाच्या वहीत चित्र सापडले तर ते फाडण्यापूर्वी एकवार नीट न्याहाळा. त्यात नुसती टवाळी आहे की निरीक्षण आहे, हे तुम्हांस तत्काळ कळून येईल.