डॉल्फिन पाहण्याची रीत

सुटींत मुलांस घेऊन दापोली, गुहागर किंवा मालवणच्या किनाऱ्यावर जाणारे आमचे पुष्कळ वाचक होडींत बसतांच एकच गोष्ट सांगतात, "डॉल्फिनाच्या जवळ न्या, अगदीं जवळ न्या." असें कां सांगूं नये, तें ह्या पाठांत पाहूं.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, डॉल्फिन हा मासा नव्हे. मासा कल्ल्यांनीं पाण्यांतच श्वास घेतो. डॉल्फिनास आपल्यासारखीं फुप्फुसें आहेत, म्हणून माथ्यावरील नाकपुडीनें हवा घेण्यास त्यास वर यावेंच लागतें. माशाची शेपटी उभी असते व डावीउजवीकडे हलते. ह्याची आडवी असते व वरखालीं हलते. मादी सुमारें एक वर्ष गर्भ वाहते, एका वेळीं एकच पिल्लू विते आणि त्यास दूध पाजते.

कोंकणच्या किनाऱ्याजवळ बहुधा दिसतो तो पाठीवर उंचवटा असलेला, करड्या रंगाचा, सुमारें अडीच मीटर लांबीचा डॉल्फिन होय. तो उथळ पाण्यांत व खाड्यांच्या मुखाशीं मासळी धरितो. म्हणजे जेथें आपल्या होड्या व जाळीं, तेथेंच त्याचें घर. जाळ्यांत अडकला तर वर येतां न आल्यामुळें तो गुदमरून मरतो. २०१७ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानें ही जात संकटग्रस्त ठरविली. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें डॉल्फिनांस संरक्षण दिलें आहे.

मागील हिवाळ्यांत आम्ही एका खाडीच्या मुखाशीं होडींतून गेलों असतां एक मादी व तिचें पिल्लूं दिसलें. लागलीच पांच होड्यांनीं त्यांस घेरलें. दोघें बुडालीं तीं फार दूर निघालीं. होड्या पुन्हां मागें धांवल्या. आम्ही आमच्या होडीवाल्यास यंत्र बंद करावयास सांगितलें. तो म्हणाला, "पाळकसाहेब, डॉल्फिन दिसला नाहीं तर गिऱ्हाईक भाडें देत नाहीं. मग आम्हीं काय करावें?" ह्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, कारण दोष त्याचा नसून आम्हां पाहणाऱ्यांचा होता. इतर होड्या निघून गेल्यावर पाव घटका शांतता झाली, आणि तीं दोघें आपण होऊन आमच्या बाजूस आलीं. त्यांच्या श्वासाचा आवाज आम्हांस स्पष्ट ऐकूं आला.

डॉल्फिन आपल्याच ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधितो. यंत्रांच्या गोंगाटानें त्यांत व्यत्यय येतो. पाठलाग झाला म्हणजे त्याचें खाणें तुटतें, व पिल्लाची आईशीं ताटातूट होण्याची भीति असते. म्हणून पुढील नियम पाळावे :

१. शक्य तर किनाऱ्यावरील उंच जागेवरून, सकाळीं समुद्र शांत असतां पाहावें. जेथें पक्षी पाण्यावर झडप घालतात, तेथें नजर ठेवावी.

२. होडी हळू चालवावी, बाजूनें न्यावी व निदान पन्नास मीटर दूर ठेवावी. समोरून आडवें जाऊं नये.

३. आई व पिल्लूं ह्यांच्यामध्यें कधींही शिरूं नये. दोन होड्या तेथें असतील तर आपण थांबावें.

४. कांहीं खावयास टाकूं नये व आरडाओरड करूं नये.

५. होडींत चढण्यापूर्वींच सांगावें, "डॉल्फिन दिसो वा न दिसो, ठरलेलें भाडें देऊं; तुम्ही पाठलाग करूं नका."

पांचवा नियम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. होडीवाल्याच्या मुलांची भाकर डॉल्फिनाच्या दर्शनावर टांगून ठेवली, तर तो पाठलाग करणारच. ती भाकर आधींच निश्चित केली, तर दोघांचेंही रक्षण होतें.

शिकविणाऱ्यांसाठीं प्रश्न : डॉल्फिन वर कां येतो? मासा व डॉल्फिन ह्यांच्या शेपटींत भेद काय? पाठलागाचा दोष कोणाकडे, व तो कसा टळेल?