सामना पाहताना

शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी नांदेडास राहतो. आमच्या बैठकीत दूरदर्शन संच आहे आणि क्रिकेटचा सामना असला म्हणजे शेजारपाजारची मुले हक्काने येऊन बसतात. घर भरलेले पाहून मला आनंदच होतो. परंतु संच एक आणि पाहणारी माणसे दहा-बारा. तेव्हा प्रत्येकाने थोडा समजूतदारपणा दाखविला नाही, तर सामना कोणालाच नीट पाहता येत नाही.

मागे बसलेल्यांच्या आड उभे राहू नये, समालोचन चालू असता मोठ्याने बोलू नये, हे तुम्हांस सांगावयास नकोच. अलीकडे मात्र एक नवाच प्रकार पाहण्यात येतो. मैदानावर घडलेली गोष्ट निरनिराळ्या मार्गांनी घरोघर पोहोचते. एका मार्गाने थोडी लवकर, दुसऱ्याने थोडी उशिरा. त्यामुळे पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो, तोच एखाद्याच्या मोबाईलवर त्या चेंडूचा निकाल उमटलेला असतो. तो ओरडतो, "चौकार!" चौकार जातो खरा, पण बाकीच्यांच्या तोंडचा घास त्याने काढून घेतलेला असतो. अशा एका मुलाला मी मोबाईल खिशात ठेवण्यास सांगितले.

"पण गुरुजी, मला सगळ्यांच्या आधी कळते!" तो म्हणाला.

"म्हणूनच ठेव," मी म्हणालो. तो हसला, आणि त्याने मोबाईल खिशात ठेवला.

दुसरी एक गोष्ट मला अधिक खटकते. २८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे दिव्यांग खेळाडूंच्या पॅरालिंपिक स्पर्धांचे उद्घाटन झाले. त्या सोहळ्यात सुमित अंतिल यांच्यासमवेत भारताचा ध्वज धरण्याचा मान आपल्या नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव यांना मिळाला. पुढे गोळाफेकीत त्या पाचव्या आल्या. पदक मिळत नाही असे दिसताच आमच्या बैठकीतील एकजण म्हणाला, "बदला आता, दुसरे काही लावा." बसल्या आसनावरून सारे बळ एकवटून फेकलेला तो गोळा पाहण्यासाठी आम्हांला पदकाची लाच हवी होती काय?

मुलांनो, हे मी तुम्हांस सांगत आहे खरा. पण सांगताना माझीच मान थोडी खाली जाते. त्याचे कारणही सांगतो.

त्या काळी मी लातूर जिल्ह्यातील एका गावी शिक्षक होतो. माझ्या एका स्नेह्याच्या माळवदावर उंच अँटेना होता आणि सामन्याच्या दिवशी आम्ही शिक्षकमंडळी त्याच्या ओसरीवर जमत असू. १३ मार्च १९९६ ची ती संध्याकाळ. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. भारताविरुद्ध श्रीलंका! पहिल्याच षटकात श्रीलंकेचे दोन्ही सलामीवीर बाद झाले, तेव्हा आमच्या आरोळ्यांनी ओसरी दणाणली. मग अरविंद डिसिल्वा खेळू लागला. त्याने ४७ चेंडूंत ६६ धावा काढल्या. काय ते देखणे फटके! स्नेह्याचे वृद्ध वडील, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणत असू, ते बाजेवर बसून पाहत होते. एका फटक्याला त्यांनी टाळी दिली.

"आबा, तुम्ही कोणाच्या बाजूचे?" कोणीतरी विचारले. सगळे हसले, मीही हसलो. आबांनी हात मांडीवर ठेवले आणि पुन्हा काही ते उचलले नाहीत.

भारताला २५२ धावा हव्या होत्या. सचिन तेंडुलकर ६५ धावांवर खेळत होता आणि आमची धावसंख्या ९८ झाली होती. इतक्यात तो यष्टिचीत झाला. नेमक्या त्याच क्षणी वहिनी चहाचे तबक घेऊन उंबऱ्याशी आल्या होत्या.

"वहिनी, तुम्ही आलात आणि सचिन गेला!" मी बोलून गेलो.

वहिनींनी तबक उंबऱ्यावर ठेवले व त्या आत गेल्या. घर त्यांचे, चहा त्यांचा, आणि पाहुणा मी!

पुढे भराभर गडी बाद होत गेले. ८ बाद १२० अशी अवस्था झाली असता कोलकात्याच्या प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, आसनांना आगी लावल्या. अखेर सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेस बहाल केला. विनोद कांबळी रडत परतला. त्या प्रेक्षकांना आम्ही मनसोक्त नावे ठेवली. उंबऱ्यावरचा चहा केव्हाच निवून गेला होता.

चार दिवसांनी मी वहिनींची क्षमा मागितली. "त्यात काय एवढं, भावजी!" त्या म्हणाल्या. परंतु त्यानंतर सामना चालू असता त्या ओसरीवर आल्या नाहीत. चहा येई तो मुलाच्या हाती.

जवळजवळ तीन वर्षे अशी गेली. ३१ जानेवारी १९९९ रोजी रविवार होता. चेन्नईस पाकिस्तानविरुद्धची कसोटी रंगात आली होती. "वहिनी, तुम्ही पुढे येऊन बसल्याखेरीज आज संच लागणार नाही," मी दारातूनच म्हणालो. त्या संकोचाने आल्या आणि आबांच्या बाजेजवळ बसल्या.

विजयासाठी २७१ धावांची गरज होती. पाठ दुखत असतानाही सचिन १३६ धावांपर्यंत पोहोचला. अवघ्या १७ धावा उरल्या असता तो झेलबाद झाला. वहिनींनी चटकन माझ्याकडे पाहिले.

"नाही वहिनी, तो सकलैनचा चेंडू होता!" मी म्हणालो. त्या कितीतरी वेळ हसत होत्या.

उरलेले तीन गडी चार धावांत बाद झाले. भारत १२ धावांनी हरला. ओसरीवर कोणी बोलेना. पाकिस्तानचे खेळाडू मैदानाला फेरी घालू लागले, आणि पाहतो तो काय, चेपॉकचे हजारो प्रेक्षक उभे राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवीत होते! आमच्यामागेही टाळ्या ऐकू आल्या. आबा बाजेवर बसून वाजवीत होते. या वेळी त्यांना कोणी काही विचारले नाही. वहिनींनी त्यांना साथ दिली, मग आम्ही सर्वांनी.

नंतर चहा झाला. कपबशा आत नेऊन ठेवण्यास मीच उठलो.