पांढऱ्या कॉलरीमागची बाई

प्रश्न : सतराव्या शतकातली डच रेखाचित्रं पाहताना माणसांपेक्षा त्यांचे कपडेच डोळ्यांत भरतात. त्यावरून तेव्हाच्या समाजाबद्दल खरंच काही कळतं, की ती नुसती चित्रकाराची हौस?

उत्तर : कळतं, पण हौसही असतेच. आधी हेन्ड्रिक आव्हरकाम्प पाहा. काम्पेन गावचा हा मुका चित्रकार. गोठलेल्या पाण्यावर लोटलेली गर्दी हा त्याचा हातखंडा विषय. त्याच्या रंगवलेल्या रेखाचित्रांत पिसांची टोपी मिरवणारा श्रीमंत आणि ढगळ विजारीतला कोळी एकाच बर्फावर वावरतात. मधे कुंपण नाही, पण कोण कुठला हे कपडे लगेच सांगून टाकतात. काही बायकांच्या तोंडावर काळा मुखवटा दिसतो. तो गमतीचा नव्हे. वाऱ्याथंडीनं कांती रापू नये म्हणून. रापलेला चेहरा कष्टकऱ्यांचा!

त्या काळच्या चित्रांतली जात्याच्या तळीएवढी चुणीदार कॉलर तर नीट निरखावी अशी. कित्येक मीटर तलम लिनन, त्याला खळ, मग एकेक चुणी तापल्या सळईवर बसवायची. धुतली की सगळं मोडलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे अशी कॉलर घालणाऱ्याच्या घरी धुणारी, खळ करणारी कुणीतरी बाई राबत होती. चित्रात ती बहुधा नसते. खालचा काळा पोशाख पाहून ‘किती साधी माणसं’ असंही म्हणू नका. न विटणारा गडद काळा रंग चढवायला कापड पुन्हापुन्हा रंगात बुडवावं लागे, आणि तो खर्च परवडणारेच ते घालत.

आता हौसेचं. 1633 मध्ये रेम्ब्रांटनं वाङ्‌निश्चयानंतर तिसऱ्या दिवशी आपल्या वाग्दत्त वधूचं, सास्कियाचं चित्र चांदीच्या टोकानं चर्मपत्रावर रेखाटलं. डोक्यावर रुंद गवती टोपी, हातात फूल. शेतकरीण समजाल तर फसाल. ती लेऊवार्डनच्या महापौराची मुलगी. तेव्हा मेंढपाळांची नाटकं आणि काव्यं सुखवस्तू घरांत लोकप्रिय होती, त्यातलीच ही टोपी.

याच रेम्ब्रांटनं पुढे मुघल लघुचित्रांवरून वीसेक रेखाचित्रं काढली, तीही आशियातून आलेल्या कागदावर. जामा, पटका, मोजड्या, सगळं बारकाईनं टिपलेलं. तो हिंदुस्थानात कधी आला नव्हता. डच जहाजांतून मसाल्यांबरोबर चित्रं आणि कागदही अ‍ॅमस्टरडॅमला पोचत होते, आणि तोवर दिवाळं निघालेला रेम्ब्रांटसुद्धा ते हाताळू शकत होता.