चलच्चित्र पारखण्याचा पाठ

पडद्यावर दिसले ते जसेच्या तसे घडले, अशी बालमनाची समजूत असते. ती तपासण्यास आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्यावे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटापूर्वी, १९१२ साली, कुंडीतील वाटाण्याच्या वाढीचे चित्रण केले. महिन्याहून अधिक काळ ठराविक अंतराने टिपलेली छायाचित्रे सलग दाखविताच रोप पाहता पाहता वाढले. प्रत्येक छायाचित्र खरे. वेग मात्र रोपाचा नव्हे, दाखविणाऱ्याचा!

पहिली कृती : वर्गातील कुंडीत वाटाणा पेरावा. मुलांनी रोज एकाच जागेवरून त्याचे चित्र काढावे. दोन दिवस पाणी तोडून रोप कोमेजू द्यावे, मग पुन्हा पाणी घालावे. पंधरवड्याने चित्रांची चवड भरभर उलटावी. नंतर कोमेजल्या दिवसांची चित्रे काढून ती पुन्हा उलटावी. आता रोप कधी तहानलेच नाही, असे भासते. एकही चित्र खोटे नाही. तरी हकीकत अपुरी आहे.

दुसरी कृती : जाड कागदात चौकोनी खिडकी कापावी. निफाड तालुक्यातील मुलांस कांद्याचा ढीग परिचयाचा. तो खिडकीतून प्रथम जवळून, मग दुरून पाहावा. जवळून ढीगच चौकट व्यापतो. दुरून भोवतालचे मोकळे आवारही दिसते.

अखेरीस मोबाइलवरील एखादी चित्रफीत दाखवून विचारावे :

१. चित्र कोठून घेतले?
२. चौकटीबाहेर काय राहिले?
३. मधले काय गाळले?

उत्तरे मिळेपर्यंत चित्रफीत खोटी म्हणून टाकू नये, आणि खरी म्हणून पुढेही धाडू नये, हा संस्कार या पाठाचे फलित होय.