गाडीच्या पोटाखाली

किनवट तालुका हा सागवानी वनांचा व डोंगरउताराचा मुलूख. पैनगंगेकडे धावणारे ओढे पावसाळ्यात वाटेवर गोटे आणून टाकतात. अशा वाटेने कापसाची भरलेली गाडी कशी तग धरते, हे जाणायचे असेल, तर तिच्या पोटाखाली पाहावे.

तेथे आसावर पोलादी पाट्यांची जुडी दिसते. सर्वांत लांब पाटा वर आणि त्याखाली क्रमाने आखूड पाटे. चाक खड्ड्यात आदळले, की पाटे वाकून धक्का सोसतात. ते एकमेकांवर घासतात, म्हणून हेलकावेही लवकर थांबतात. जुन्या घोडागाड्यांनाही असेच पाटे असत.

२०२२ साली टाटा मोटर्सने ‘एस ईव्ही’ ही विजेवर चालणारी छोटी मालगाडी लोकांपुढे आणली. अशा गाडीत तेलाच्या टाकीऐवजी बॅटरीची जड पेटी असते. ती खाली बसवल्याने गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो व वळणावर कलंडण्याचे भय कमी होते. परंतु पेटी जितकी खाली, तितका गोटा जवळ! पेटी चेपली, तर आतील घट तापून पेट घेऊ शकतात. म्हणून तिच्याभोवती भक्कम कवच असते आणि तिचे सांधे पाणी शिरू नये असे बंद केलेले असतात.

गाडी फार उंच केली, तर कलंडेल. फार ठेंगणी केली, तर खाली घासेल. हा मध्य साधण्यातच रचनाकाराचे कसब आहे. तथापि, ओढ्याला पूर असता काठावर थांबणे, हे कसब चालकाचेच!