विद्या आणि ओळख

वाचनभाग : करिंथकरांस १ ले पत्र १:१८-३१, फिलिप्पैकरांस पत्र ३:४-११

सुरतेजवळ कामरेज येथे, तापीच्या काठी, आम्हां मराठी ख्रिस्ती कुटुंबांची घरगुती उपासना भरते. बहुतेकजण खानदेशातून पोटासाठी इकडे आलेले. यंत्रमागावर राबणाऱ्या बापाची एकच इच्छा असते, की मुलाने शिकावे. आपल्यासारखे रात्रपाळीत कान बधिर करून घेऊ नयेत. गेल्या वर्षी आमच्यातील दहावीच्या एका मुलाचा क्लास नेमका रविवारी सकाळी लागला. त्याच्या आईने विचारले, "पाळकसाहेब, शाळा मोठी की शास्त्र मोठे?" आम्ही चटकन "शास्त्र" म्हणून मोकळे झालो. घरी आल्यावर मात्र ते उत्तर आम्हांला बोचू लागले. पोराच्या फीसाठी पोटाला चिमटा घेणारी ती होती, आम्ही नव्हतो.

पवित्र शास्त्र विद्येला नावे ठेवीत नाही. मोशे मिसरी लोकांच्या सर्व विद्येत तयार झालेला होता (प्रेषितांची कृत्ये ७:२२). दानिएल व त्याचे सोबती बाबेलात खास्द्यांची विद्या आणि भाषा शिकले. पौल तर गमलिएलाच्या चरणांशी बसलेला. मग हाच पौल फिलिप्पैकरांस लिहिताना आपले कूळ, आपले परूशीपण, आपली कर्तबगारी हे सारे केराच्या टोपलीत का टाकतो? कारण त्याला ख्रिस्ताविषयीचे ज्ञान हवे आहे, आणि तेथे ज्ञान म्हणजे माहिती नव्हे, ओळख. एखाद्या माणसाचे नाव, गाव, पगार आपल्याला तोंडपाठ असेल. तरी तो दारात आला तर आपण त्याला ओळखू असे नाही.

हा फरक मराठी माणसाला उलगडून दाखवायला पंडिता रमाबाईंइतके चांगले उदाहरण आम्हांला सापडत नाही. त्या १८५८ साली जन्मल्या. आईने लहानपणीच संस्कृत शिकविले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांनी ख्रिस्ती सिद्धांतांचा कसून अभ्यास केला, त्रैक्याच्या प्रश्नावर आपल्या गुरुस्थानी असलेल्या स्त्रियांशी पत्रांतून वाद घातले. मार्च १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन उघडले. एवढी विद्या, एवढे कार्य! तरीही बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना त्यांच्या ध्यानात आले, की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म गवसला आहे, खुद्द ख्रिस्त नव्हे. (हा हॅस्लमही मोठा गमतीचा गृहस्थ. वर्षानुवर्षे उपदेश करणाऱ्या या माणसाचे मनपरिवर्तन त्याच्या स्वतःच्याच व्यासपीठावर, उपदेश करता करता झाले!) रमाबाईंनी ही गोष्ट लपविली नाही, १९०७ च्या आपल्या साक्षीत स्पष्ट लिहिली. पंडिता म्हणून नावाजलेल्या बाईने असे कबूल करणे किती कठीण असेल, ते आम्हां उपदेशकांना विचारावे.

पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळग्रस्त मुली आल्या. १९०० च्या दुष्काळात त्यांत आपल्या गुजरातेतल्याही पुष्कळ होत्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. १९०५ साली तेथे जे मोठे जागरण झाले, त्यात याच मुली रडून, गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या. पंडिता त्यांच्याबरोबर गुडघ्यांवर होत्या.

पण म्हणून त्यांनी पुस्तके मिटली का? मुळीच नाही. आम्हांला सर्वांत विचार करायला लावते ते हेच. उतारवयात त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यास बसल्या. जिला संस्कृत श्लोक मुखोद्गत, तिने अवघड संस्कृत शब्द वेचून वेचून बाजूला काढले, का तर खेड्यातल्या बाईला ऐकताच समजावे. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. त्यांचे संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. सारी विद्या अशी भांडी घासणाऱ्या बाईच्या कानापर्यंत पोहोचण्यासाठी खर्ची पडली.

हे वाचून आमची मान खाली गेली, तिचे कारणही सांगितले पाहिजे. आमच्या उपासनेत एक वृद्ध भगिनी येतात. लिहिता-वाचता येत नाही, बोलणे अस्सल अहिराणी. कॉलेजात जाणारी मुले येऊ लागली तशी आम्ही त्यांना प्रार्थनेला उभे करणे हळूहळू बंद केले. कोणी ठराव केला नव्हता. फक्त संकोच वाटे. पेत्र व योहान हे न शिकलेले असून येशूच्या संगतीत होते हे सभेने ओळखले (प्रेषितांची कृत्ये ४:१३). आम्हांला ते ओळखता आले नाही.

त्या आईला आम्ही पुन्हा भेटलो आणि आधीचे उत्तर मागे घेतले. क्लास बंद करू नका, म्हणालो. रविवारचा शास्त्रपाठच आपण दुपारी चारला ठेवू. आता मुले क्लासच्या वह्यांसकट येतात. पहिल्या रविवारी त्या वृद्ध भगिनींना प्रार्थना करण्यास विनंती केली. त्या उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि प्रथम त्या दहावीच्या मुलाच्या गणिताच्या पेपरासाठी मागितले.